टेक्सोबॅक्टिन प्रयोगशाळेत बनवताना नेमकं अडतं कुठे?

एम.एस्सी. ऑरगॅनिकच्या शेवटच्या वर्षाला असलेल्या एका विद्यार्थिनीने विचारलं आहे: "औषधांना दाद न देणाऱ्या जिवाणूंशी लढायचं तर पेप्टाइड प्रतिजैविकांचं रासायनिक संश्लेषण सुधारायला हवं, असं बऱ्याच ठिकाणी वाचते. पण कोलिस्टिन, व्हँकोमायसिन, डॅप्टोमायसिन ही सगळी टाकीत जिवाणू वाढवून मिळतात आणि स्वस्तही पडतात. मग हा खटाटोप कशासाठी? आणि सुधारायचं म्हणजे फक्त यील्ड वाढवायचं का?"

तुमची शंका रास्त आहे. सुधारायचं काय ते पुढे टेक्सोबॅक्टिन या पेप्टाइड (म्हणजे अमिनो आम्लांची साखळी असलेल्या) प्रतिजैविकावरून दाखवतो, आधी खटाटोप कशासाठी ते पाहू. निसर्गातला रेणू जसाच्या तसा हवा असेल आणि तो बनवणारा जीव टाकीत नीट वाढत असेल, तर रसायनवाल्याने त्या वाटेला जाऊच नये. पेनिसिलिनचा दाखला घ्या. एमआयटीत जॉन शीहान यांनी वर्षानुवर्षं खपून 1957 साली पेनिसिलिन व्हीचं संपूर्ण संश्लेषण करून दाखवलं. रसायनशास्त्र म्हणून ते काम अव्वल होतं, पण त्या पद्धतीने कुणी कारखाना काढला नाही. आपल्याकडे पिंपरीला 1954 साली हिंदुस्थान अँटिबायोटिक्स उभी राहिली, ती किण्वनाच्या टाक्यांवरच. पुढे रसायनाचा खरा उपयोग झाला तो वेगळ्याच जागी. टाकीतून 6-एपीए हा गाभा काढायचा आणि त्याला हवी ती बाजूची साखळी जोडायची. अँपिसिलिन, अमॉक्सिसिलिन हा सगळा गोतावळा तिथून आला.

म्हणजे संश्लेषणाची गरज पडते ती रेणू बदलायचा असतो तेव्हा. जिवाणूची यंत्रणा तिच्या सवयीप्रमाणेच रेणू बनवते, आपल्याला हवा तिथला अणू ती बदलून देत नाही. व्हँकोमायसिनला न जुमानणारे एन्टरोकॉकस स्वतःच्या भिंतीच्या कच्च्या मालात एकच फेरफार करतात. शेवटच्या डी-अ‍ॅलानीनच्या जागी डी-लॅक्टेट आणतात. एका अमाइडचा एस्टर झाला आणि व्हँकोमायसिनची पकड सुमारे हजारपटीने ढिली पडली. स्क्रिप्स संस्थेतल्या डेल बोगर यांच्या गटाने याला तोडीस तोड उत्तर दिलं. व्हँकोमायसिनमधल्या एका अमाइडचा कार्बोनिल काढून तिथे साधा मेथिलीन ठेवला, तेव्हा नवा रेणू दोन्ही प्रकारच्या भिंतींना धरू लागला. 2017 साली त्यांनी त्यातच आणखी दोन बदल घालून तीन वेगवेगळ्या मार्गांनी मारणारं व्हँकोमायसिन दाखवलं. असा गाभ्यातला बदल टाकीतून मिळणं अवघड. पण संश्लेषणाच्या पायऱ्या इतक्या की ते औषध दुकानात आलेलं नाही. तुमच्या प्रश्नाचं मर्म इथेच आहे. बदल सुचतो, पटतो, चाचणीत चालतोही, पण तो किलोने बनवता येत नाही.

दुसरी गरज आणखी अलीकडची. मातीतल्या डीएनएमध्ये प्रतिजैविकांची जनुकं दिसतात, पण तो जीव आपल्याकडे वाढतच नाही. न्यूयॉर्कच्या रॉकफेलर विद्यापीठातल्या शॉन ब्रेडी यांच्या गटाने 2022 साली अशा जनुकांवरून पेप्टाइडचा क्रम ताडला, तो रेझिनवर (एकेक आम्ल जोडत पेप्टाइड ज्यांवर बांधतात त्या बारीक मण्यांवर) बनवला आणि मॅकोलासिन नावाचा कोलिस्टिनचा भाऊबंद हाती आला. एमसीआर-1 जनुकामुळे कोलिस्टिनला दाद न देणाऱ्या जिवाणूंवरही तो चालतो. इथे टाकी नाही आणि जिवाणूही नाही, आहे ते फक्त संश्लेषण.

आता सुधारायचं काय, हा तुमच्या प्रश्नाचा दुसरा भाग. दहा औषधांवरून भरधाव जाण्यापेक्षा एकच रेणू नीट उलगडून दाखवतो.

टेक्सोबॅक्टिन जानेवारी 2015 मध्ये जगासमोर आलं. बोस्टनच्या नॉर्थईस्टर्न विद्यापीठातले किम लुइस आणि नोव्होबायोटिक कंपनी यांचं हे काम. मेन राज्यातल्या एका गवताळ मैदानाची माती, ती जमिनीतच ठेवून जिवाणू वाढवणारं आयचिप नावाचं साधन, आणि त्यातून सापडलेला एलेफ्थेरिया टेरे हा जिवाणू. रेणूचं वजन 1242, अमिनो आम्लं अकरा. तो प्रथिनाला चिकटत नाही. पेशीभिंत रचताना जिवाणू जो लिपिड-2 वापरतो, त्याचा पायरोफॉस्फेट आणि पहिली साखर यांना तो धरतो. प्रथिन असतं तर एका जनुकातल्या बदलाने निसटता आलं असतं. लिपिड-2 बदलणं इतकं सोपं नाही, म्हणून प्रयोगशाळेत प्रतिरोधी स्टॅफिलोकॉकस मिळवायचा प्रयत्न झाला तो फसला. यावरून कुणी "याला कधीच प्रतिरोध येणार नाही" असं लिहिलेलं दिसलं तर मात्र विश्वास ठेवू नका. व्हँकोमायसिनही लिपिड-2 लाच धरतं आणि तेही साधारण तीस वर्षं टिकलं होतं.

कागदावर पाहिलं तर अकरा अमिनो आम्लं म्हणजे काहीच नाही. मेरीफील्ड यांनी 1963 साली रेझिनवर पेप्टाइड बांधायची पद्धत दिली, आज यंत्र अकरा आम्लांची साधी साखळी एका दिवसात सहज जोडतं. टेक्सोबॅक्टिनचा पहिला तुकडा तर सरळच आहे. एन-मेथिल-डी-फेनिलअ‍ॅलानीन, आयसोल्यूसिन, सेरीन, डी-ग्लुटामीन, डी-अ‍ॅलो-आयसोल्यूसिन, आयसोल्यूसिन, सेरीन. (डी म्हणजे नेहमीच्या एल रूपाचं आरशातलं प्रतिबिंब, अ‍ॅलो म्हणजे बाजूच्या साखळीतल्या केंद्राची मांडणी उलटी.) एन-मेथिल आम्लावर पुढचं कपलिंग (म्हणजे पुढचं आम्ल जोडणं) करणं हे नेहमीचं दुखणं, पण इथे ते सगळ्यात टोकाला बसलंय, त्याच्यावर काहीच जोडायचं नाही. तिथे रेणूने आपल्यावर मेहेरबानीच केली आहे.

दुखणं आहे ते शेवटच्या चार आम्लांच्या कड्यात. आठव्या डी-थ्रिओनीनचा हायड्रॉक्सिल अकराव्या आयसोल्यूसिनच्या कार्बोक्सिलला एस्टरने जोडलेला. मध्ये नववं अ‍ॅलानीन, आणि दहावं एल-अ‍ॅलो-एन्ड्युरॅसिडिडीन. या शेवटच्या आम्लात ग्वानिडीन (आर्जिनीनमध्ये असतो तो धनभाराचा नायट्रोजनवाला गट) कड्यात अडकवलेलं असतं. ते बाजारात आर्जिनीनसारखं सहज मिळत नाही. प्रयोगशाळेत बनवायचं तर एकट्या त्याच्याच पायऱ्या पेप्टाइडच्या पायऱ्यांना स्पर्धा करतात. 2016 मध्ये सिडनीच्या रिचर्ड पेन यांच्या गटाने आणि हाँगकाँगच्या श्वेचेन ली यांच्या गटाने मूळ टेक्सोबॅक्टिनचं संपूर्ण संश्लेषण केलं, तेव्हा दोघांनाही हे आम्ल आधी सिद्ध करावं लागलं.

मग साहजिकच विचार आला की ते काढून दुसरं काही घातलं तर? सर्वांनी प्रथम आर्जिनीन घातलं. तेही ग्वानिडीनवालं आणि स्वस्त. रेणू बनला, पण ताकद बरीच घटली. त्यावरून सगळ्यांचा समज असा झाला की दहाव्या जागी धनभार हवाच, आणि तो एन्ड्युरॅसिडिडीनसारखा बसवलेला हवा. इंग्लंडमधल्या लिंकन विद्यापीठात ईश्वर सिंह यांच्या गटाने 2017 साली हा समज मोडला. त्यांनी दहाव्या जागी ल्यूसिन आणि आयसोल्यूसिन घातलं. भार नाही, ग्वानिडीन नाही, रसायनाच्या दुकानात मिळणारी सर्वात साधी आम्लं. आणि एमआरएसएवरची (मेथिसिलिनला दाद न देणाऱ्या स्टॅफिलोकॉकसवरची) ताकद मूळ रेणूच्या तोडीची निघाली. पुढच्या वर्षी सिंगापूरच्या नेत्रसंशोधन संस्थेबरोबर त्यांनी अशा रेणूने उंदरांच्या डोळ्यातला स्टॅफिलोकॉकसचा संसर्ग आटोक्यात आणून दाखवला.

माझ्या मते टेक्सोबॅक्टिनच्या संश्लेषणातली सगळ्यात मोठी सुधारणा ती हीच. यात नवं रिएजंट नाही, नवं यंत्र नाही. सगळ्यात महाग वीट अनावश्यक आहे हे शोधून काढलं, बस. यील्ड 30 टक्क्यांवरून 40 वर नेण्याच्या मागे लागण्याआधी "ही पायरी लागतेच का?" असं विचारायला शिकवत नाहीत, हे आपल्या अभ्यासक्रमाचं उणेपण आहे.

आता एस्टरकडे येऊ. प्रत्यक्ष हात घातला की इथे घाम फुटतो.

थ्रिओनीनचा हायड्रॉक्सिल दुय्यम आणि अडचणीत, रेझिनवर आणखीनच कोंडलेला. त्याला आयसोल्यूसिन जोडायचं तर डीआयसी (आम्ल सक्रिय करणारं रिएजंट) आणि डीएमएपी (उत्प्रेरक) लागतं. डीएमएपी वेग देतं, पण सक्रिय झालेल्या आम्लाचा अल्फा कार्बन (कार्बोक्सिलशेजारचा) उलटवण्याचीही भीती असते. आता गंमत पाहा. एल-आयसोल्यूसिनचा अल्फा कार्बन उलटला की डी-अ‍ॅलो-आयसोल्यूसिन होतं. आणि नेमकं तेच आम्ल याच साखळीत पाचव्या जागी हक्काने बसलेलं आहे. पेप्टाइड तोडून अमिनो आम्लं तपासली आणि डी-अ‍ॅलो-आयसोल्यूसिन दिसलं, तर ते पाचव्या जागेचं की अकराव्या जागी झालेल्या घोळाचं? प्रमाण काटेकोर मोजल्याशिवाय कळत नाही. त्यात मार्फी रिएजंटने (डी आणि एल आम्लं वेगळी ओळखायच्या रसायनाने) साध्या सी-18 कॉलमवर आयसोल्यूसिन आणि अ‍ॅलो-आयसोल्यूसिन एकमेकांना चिकटूनच उतरतात. एलसी-एमएसवर (रेणूचं वजन मोजणाऱ्या यंत्रावर) तर वजन तेच, पीक एकच. सगळं छान दिसतं आणि एमआयसी (जिवाणूची वाढ थांबवायला लागणारं किमान प्रमाण) मात्र चारपट, आठपट वाईट येते. त्या वेळी लोक जिवाणूच्या प्लेटला दोष देतात.

याला उपाय आहेत. डीएमएपी अगदी थोडं ठेवायचं, तापमान वाढवायचं नाही, आयसोल्यूसिनच्या नायट्रोजनवर अ‍ॅलॉकसारखा युरेथेन संरक्षक गट ठेवायचा, आणि एकदाच लांबलचक चालवण्यापेक्षा ताज्या रिएजंटने दोनदा करायचं. आणि अकराव्या जागी मुद्दाम डी-अ‍ॅलो-आयसोल्यूसिन घातलेला नमुना एकदा बनवून ठेवायचा. एचपीएलसीवर (रेणू वेगळे करणाऱ्या कॉलमवर) तो कुठे उतरतो हे माहीत झालं की पुढच्या प्रत्येक बॅचमध्ये त्या जागी नजर ठेवता येते. हा "चुकीचा" रेणू बनवायला आठवडा गेला तरी तो वाया जात नाही.

एस्टर कधी घालायचा, यावरही दोन पंथ आहेत. एका वाटेत सगळी साखळी आधी बांधतात, थ्रिओनीनचा हायड्रॉक्सिल मोकळाच ठेवतात आणि शेवटी त्यावर आयसोल्यूसिन बसवतात. दुसऱ्या वाटेत एस्टर लवकर घालून मग साखळी लांबवतात. दुसऱ्या वाटेत साखळी आखूड असताना एस्टर चांगला होतो, पण नंतरच्या प्रत्येक एफमॉक डिप्रोटेक्शनला (एफमॉक हा तात्पुरता संरक्षक गट काढताना) तो पिपेरिडीनच्या तोंडी जातो. शिवाय एक दगाफटका आहे. एस्टर घातल्यावर थ्रिओनीनचा स्वतःचा नायट्रोजन मोकळा झाला, की आयसोल्यूसिन ऑक्सिजनवरून उडी मारून नायट्रोजनवर जाऊन बसतं. अमाइड एस्टरपेक्षा टिकाऊ, त्यामुळे उडी एकतर्फी. पुन्हा वजन तेच! मी पहिल्या वाटेचा आहे. शेवटी एस्टर केला तर थ्रिओनीनचा नायट्रोजन आधीच सेरीनमध्ये बांधलेला असतो, उडी मारायला जागाच उरत नाही. यात एस्टरचं यील्ड थोडं कमी मिळतं ते सोसायचं.

मग कडं बंद करणं. चार आम्लांच्या कड्यात तीन अमाइड आणि एक एस्टर. एस्टर शेवटचा ठेवून कडं बंद करायला सहसा कुणी धजत नाही, म्हणजे तीन जागा उरल्या. थ्रिओनीन-अ‍ॅलानीन इथे तोडलं तर रेझिनला थ्रिओनीन लावावं लागतं आणि बंद करताना त्याच्याच अल्फा कार्बनला उलटायचा धोका. दहावं आणि अकरावं यांच्यात तोडलं तर हल्ला करणारा नायट्रोजन आयसोल्यूसिनचा, म्हणजे फांदीखाली दडलेला, आणि दहाव्या जागी आर्जिनीन असेल तर सक्रिय झालेलं आर्जिनीन बाहेरच्या नायट्रोजनची वाट न पाहता स्वतःच्याच ग्वानिडीनशी लॅक्टम (कड्यातलं अमाइड) करून मोकळं होतं. अ‍ॅलानीन आणि दहाव्यामध्ये तोडलं तर सक्रिय होतं ते अ‍ॅलानीन, सगळ्यात कमी अडचणीचं. दहाव्या जागी ल्यूसिन घेतलं असेल तर हा सांधा आणखी सुखाचा होतो. प्रसिद्ध झालेल्या पद्धतींमध्ये तुम्हाला वेगवेगळे सांधे दिसतील आणि प्रत्येकाने आपला चालवून दाखवलाय, पण नव्याने सुरू करणाऱ्याला मी अ‍ॅलानीनचाच सांगेन. 2-क्लोरोट्रायटिल रेझिन वापरलं की हेक्साफ्लुओरो-आयसोप्रोपॅनॉलने साखळी सुटते आणि बाजूचे संरक्षक गट शाबूत राहतात, मग द्रावणात कडं बंद करायचं.

द्रावणात म्हणजे किती द्रावणात, हे लेखांमध्ये एका ओळीत उरकतात. रेणूंनी एकमेकांना न धरता स्वतःचंच शेपूट धरावं म्हणून द्रावण पातळ ठेवतात, साधारण 1 मिलिमोलर. एक ग्रॅम टेक्सोबॅक्टिन म्हणजे जेमतेम 0.8 मिलिमोल, त्याला 800 मिलिलिटर सॉल्व्हंट. प्रयोगशाळेत हे चालतं. एक किलो हवं तर 800 लिटर, आणि ते शंभर टक्के यील्ड धरून. निम्मंच मिळालं तर 1,600. सिरिंज पंपाने पेप्टाइड हळूहळू सोडणं हा यावरचा जुना आणि खात्रीचा मार्ग. कडं बंद होण्याचा वेग पेप्टाइड सोडण्याच्या वेगापेक्षा जास्त असला की एकूण सॉल्व्हंट बराच कमी करता येतो. सतत वाहत्या नळीत बंद करण्याचे प्रयोगही होतात. मला वाटतं, पेप्टाइड प्रतिजैविकांत कुणाला खरोखर उपयोगी सुधारणा करायची असेल तर या एका पायरीवर पीएच.डी. खर्ची घालायला हरकत नाही. साखळी बांधण्यावर जगभर हजारो लोक काम करताहेत.

यानंतरची अडचण रसायनाची वाटत नाही, पण तीच कधी कधी सगळं अडवून धरते. टेक्सोबॅक्टिनसारखे रेणू मीठ किंवा फॉस्फेट असलेल्या पाण्यात जेली होतात. शिरेतून द्यायच्या औषधाची बाटलीत जेली झाली तर संपलंच. कॅलिफोर्नियातल्या अर्व्हाइनच्या जेम्स नोविक यांच्या गटाने या जेलीचा बराच पाठपुरावा केला. आणि 2022 साली नेदरलँड्समधल्या उट्रेख्तच्या मार्कुस वाइनगार्थ यांच्या गटाने दाखवलं की जिवाणूच्या पटलावर लिपिड-2 ला धरल्यावर हे रेणू एकमेकांना चिकटून तंतू बनवतात आणि त्या तंतूंनी पटलही पातळ होतं. म्हणजे चिकटण्याची जी खोड बाटलीत नडते, तीच जिवाणूला मारते. ती पूर्ण काढून टाकली तर औषधच जातं.

नोविक यांच्या गटाने यावर जो तोडगा काढला तो मला फार आवडतो. मघाशी ज्या उडीला आपण दगाफटका म्हटलं, तिलाच त्यांनी कामाला लावलं. साखळीतल्या सेरीनच्या जागी नायट्रोजनऐवजी ऑक्सिजनवर जोड द्यायची. असा वाकडा रेणू पाण्यात नीट विरघळतो, जेली होत नाही. शरीराच्या पीएचला पोचला की जोड आपोआप ऑक्सिजनवरून नायट्रोजनवर सरकते आणि मूळ रेणू तयार होतो. या रेणूंना त्यांनी आयसोबॅक्टिन म्हटलं. एस्टरच्या अडचणीतून सुटायला कड्यातला एस्टर काढून तिथे अमाइड ठेवलेले नमुनेही झाले आहेत. थ्रिओनीनऐवजी डायअमिनोप्रोपिऑनिक आम्ल घातलं की वरची निम्मी डोकेदुखी जाते.

आता कारखान्याच्या बाजूने. रेझिनवरच्या पद्धतीत प्रत्येक कपलिंग आणि प्रत्येक डिप्रोटेक्शननंतर धुवावं लागतं. औषध कंपन्यांच्या आकडेवारीवरून काढलेला अंदाज असा की एक किलो पेप्टाइडमागे सरासरी सुमारे 13,000 किलो सामग्री लागते आणि तिचा मोठा भाग सॉल्व्हंट असतो. साध्या छोट्या रेणूंच्या औषधांना काहीशे किलो पुरतात. त्यातून नेहमीचा सॉल्व्हंट डीएमएफ प्रजननाला घातक मानला जातो, युरोपात डिसेंबर 2023 पासून त्यावर कडक निर्बंध आहेत. पर्याय म्हणून एन-ब्यूटिलपायरोलिडिनोन आलं, पण ते घट्टसर असल्यामुळे रेझिनमधून सावकाश उतरतं, म्हणून एथिल अ‍ॅसिटेटसारखं काही मिसळून वापरतात. 2023 मध्ये सीईएम कंपनीच्या लोकांनी मायक्रोवेव्ह पद्धतीत मधली धुणीच काढून टाकली. पिपेरिडीनऐवजी लवकर उडून जाणारं पायरोलिडीन, आणि वरून वायूचा झोत. टाकाऊ द्रव 95 टक्क्यांपर्यंत कमी झाल्याचं त्यांनी दाखवलं. लहान प्रमाणावर ही युक्ती उत्तम चालते.

कपलिंगसाठी आता बहुतेक ठिकाणी डीआयसी आणि ऑक्सिमा वापरतात. ऑक्सिमाच्या जागी पूर्वी वापरलं जाणारं एचओबीटी कोरडं असताना स्फोटक, त्यामुळे ते मागे पडलं, आणि एचएटीयू हे दुसरं कपलिंग रिएजंट जास्त झालं तर वाढत्या साखळीच्या नायट्रोजनवर स्वतःच बसून साखळी कायमची बंद करतं. पण एक गोष्ट तुमच्या लॅबमध्ये कुणी सांगितली नसेल तर मी सांगतो. डीआयसी आणि ऑक्सिमा डीएमएफमध्ये एकत्र आले की थोडं हायड्रोजन सायनाइड सुटतं. 2019 साली हे नीट नोंदवलं गेलं. लहान प्रमाणावर हूडमध्ये काम करत असाल तर घाबरायचं कारण नाही, पण दोन्ही आधी मिसळून बाटली बंद करून ठेवू नका, आणि टाकाऊ द्रवाचा कॅन हूडबाहेर उघडा ठेवू नका.

कपलिंग झालं की नाही हे यंत्रावर सोडू नका, निदान पहिल्या बॅचला तरी. काचेच्या छोट्या नळीत रेझिनचे दहा-वीस मणी, निनहायड्रिनचे थेंब, आणि गरम तव्यावर दोन-चार मिनिटं. मणी पिवळे राहिले तर पुढे जा, कडेने निळी झाक आली तर पुन्हा कपलिंग. टेक्सोबॅक्टिनमध्ये पाचव्या-सहाव्या जागी दोन आयसोल्यूसिन शेजारी येतात, तिथे ही झाक हमखास दिसते. गणित साधं आहे. कपलिंग आणि डिप्रोटेक्शन मिळून वीस पायऱ्या धरल्या आणि प्रत्येक 99 टक्के झाली तर शेवटी 82 टक्के उरतं. 95 टक्के झाली तर 36. आणि उरलेलं 64 टक्के कचऱ्यात जात नाही, ते एकेक आम्ल गळालेल्या साखळ्यांच्या रूपात तुमच्या पीकला खेटून एचपीएलसीवर उतरतं. पेप्टाइडच्या खर्चात शुद्धीकरणाचा वाटा जबर असतो, तो इथेच ठरतो.

मोठ्या प्रमाणावर हे जमतच नाही असं मात्र कुणी सांगितलं तर मानू नका. एचआयव्हीवरचं एन्फुव्हिर्टाइड 36 आम्लांचं, 2003 साली बाजारात आलं. त्याचे तीन तुकडे रेझिनवर बनवून द्रावणात जोडत. हल्ली मधुमेह आणि वजनासाठी गाजणारं टिर्झेपाटाइड 39 आम्लांचं, तेही रासायनिक संश्लेषणाने बनतं. या औषधांच्या मागणीमुळे एफमॉक आम्लं, रेझिन, मोठे रिअ‍ॅक्टर, प्रेप कॉलम या सगळ्यांची क्षमता वाढली आहे. प्रतिजैविकांना हा फायदा आयता मिळतोय. फक्त डी-आम्लं आणि अ‍ॅलो-आम्लं अजून महाग, कारण मधुमेहाच्या औषधांना ती फारशी लागत नाहीत.

आता दुसरी बाजूही सांगायला हवी. टेक्सोबॅक्टिन ग्रॅम-पॉझिटिव्ह (बाहेरचं पटल नसलेल्या) जिवाणूंवरच चालतं. ग्रॅम-निगेटिव्हचं बाहेरचं पटल ते ओलांडत नाही, आणि आपल्या अतिदक्षता विभागांत सध्या जो छळ चालू आहे तो मुख्यतः क्लेब्सिएला आणि अ‍ॅसिनेटोबॅक्टरचा, म्हणजे ग्रॅम-निगेटिव्हचा. तिथे पेप्टाइडवाल्यांच्या आशा दुसरीकडे आहेत. कोलिस्टिनचा सांगाडा तोच ठेवून मूत्रपिंडाचा त्रास कमी करणारे रेणू, ज्यावर ऑस्ट्रेलियातल्या मोनॅश विद्यापीठाच्या गटाने बरंच काम केलंय. आणि रोश कंपनीचं झोसुराबाल्पिन, अ‍ॅसिनेटोबॅक्टरची लिपोपॉलिसॅकराइड बाहेर नेणारी यंत्रणाच अडवणारं कडं असलेलं पेप्टाइड. दुसरीकडे म्युरेपाव्हाडिन नावाचं चौदा आम्लांचं कृत्रिम पेप्टाइड स्यूडोमोनासवर उत्तम चालत होतं, तिसऱ्या टप्प्यापर्यंत गेलं आणि 2019 मध्ये रुग्णांच्या मूत्रपिंडांना इजा दिसल्यामुळे शिरेतून देण्याच्या चाचण्या थांबल्या. त्यात संश्लेषणाचा दोष नव्हता.

पैशाचं गणित तर वेगळंच. नवं प्रतिजैविक डॉक्टरांनी शक्य तितकं कमी वापरावं हीच अपेक्षा, मग ते बनवणाऱ्याने जगायचं कसं? अकाओजेन कंपनीला 2018 मध्ये प्लाझोमायसिन या प्रतिजैविकाची मंजुरी मिळाली आणि 2019 मध्ये ती दिवाळखोरीत गेली. चांगल्या कपलिंग रिएजंटने हे सुटणार नाही.

तुम्ही प्रबंधासाठी काही शोधत असाल, असं प्रश्नावरून वाटतं. असेल तर अख्खा टेक्सोबॅक्टिन बनवायला घेऊ नका, एम.एस्सी.च्या एका वर्षात तो तुमचा जीव घेईल. फक्त कडं घ्या. आठ ते अकरा, दहाव्या जागी ल्यूसिन, थ्रिओनीनच्या नायट्रोजनवर अ‍ॅसिटिल. चार आम्लं, एक एस्टर, एक सांधा. त्यात एस्टरच्या वेळी अकराव्या आयसोल्यूसिनचा अल्फा कार्बन किती टक्के उलटतो, हे डीएमएपीचं प्रमाण आणि तापमान बदलत मोजा. पाचव्या जागेचं डी-अ‍ॅलो-आयसोल्यूसिन या छोट्या रेणूत नसल्यामुळे मार्फीचा घोळही निम्मा होतो. अ‍ॅलॉक-आयसोल्यूसिन विकत न घेता स्वतः बनवा, सोपं आहे आणि स्वस्त पडतं. पॅलॅडियमने अ‍ॅलॉक काढताना फेनिलसायलेन ताजं घ्या, आणि रेझिन काळं पडलं तर डायथायोकार्बामेटच्या द्रावणाने धुवा, नाहीतर ते पॅलॅडियम शेवटपर्यंत पेप्टाइडबरोबर येतं.